हरवलेल्या बोल्टच्या जागी योग्य तोच बोल्ट कसा बसवायचा

घरी गाडीचं काम करताना एखादा बोल्ट, नट किंवा क्लिप हरवली की बहुतेक जण डब्यात हात घालतात, साधारण तेवढाच दुसरा काढतात आणि लावून मोकळे होतात. मला भीती वाटते ती याच क्षणाची. बोल्ट नसलेलं भोक निदान डोळ्यांना दिसतं, पुढच्या वेळी कोणीतरी विचारतं की इथला बोल्ट कुठे गेला. चुकीचा बोल्ट दिसत नाही. डोकं तसंच असतं, रंग तोच असतो, पाना लावला की घट्टही लागतो. आणि तरीही आतलं झाकण नीट दाबलेलं नसतं, किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आटे अर्धे खरवडून निघालेले असतात.

मी माझी मोटरसायकल आणि घरची कार, दोन्हींचं रोजचं काम स्वतःच करते: तेल, फिल्टर, चेन, ब्रेक पॅड, बॅटरी, प्लॅस्टिकची झाकणं. माझी शाळकरी मुलगी टॉर्च धरते आणि सुटे भाग सांभाळते. खालची रीत आम्ही दोघी पाळतो.

आधी शोध, आणि तोवर इंजिनाला हात नाही

काय पडलं यापेक्षा कुठे पडलं असू शकतं हे महत्त्वाचं. स्पार्क प्लग, हवेचा मार्ग, क्लच कव्हर किंवा टायमिंगची बाजू उघडी असताना काही पडलं, तर ते हाती लागेपर्यंत चावी फिरवायची नाही, किक मारायची नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून ढकलायचीही नाही. पाच ग्रॅमचा स्क्रू गिअरच्या दातांत किंवा व्हॉल्व्हखाली गेला की पुढचं काम घरी होणारं राहत नाही.

बाहेर पडलं असेल तर घाई नको. टॉर्च वरून मारू नका, जमिनीला टेकवून आडवी धरा. लहानशा वॉशरचीही लांब सावली पडते आणि ती चटकन डोळ्यांत भरते. जमिनीवर नसेल तर बहुधा वस्तू खाली पोचलेलीच नसते. कारमध्ये इंजिनाखाली प्लॅस्टिकचा ट्रे असतो, त्यात अडकते. मोटरसायकलमध्ये फ्रेमच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या खाली, स्विंगआर्मवर, चेनगार्डच्या आत पडून राहते.

तरीही सापडत नसेल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. तसाच दुसरा बोल्ट घ्या, त्याच्या डोक्याखाली पक्का दोरा बांधा आणि पहिला जिथून निसटला तिथूनच सोडा. तो कुठे आपटतो, कुठल्या कडेला घसरतो, कुठे थांबतो ते पाहा. बऱ्याचदा पहिला तिथेच बसलेला असतो. दोरा मात्र विसरू नका, नाहीतर दोन शोधावे लागतील.

चुंबकाची दांडी कामाची आहे, पण ती सगळं उचलत नाही. पितळ, अ‍ॅल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि बहुतेक स्टेनलेस स्टीलचे स्क्रू तिला चिकटत नाहीत. चुंबक फिरवला, काही आलं नाही, म्हणजे तिथे काही नाही असा निष्कर्ष काढू नका. अशा वेळी मी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला जुना पातळ पायमोजा ताणून बांधते. वस्तू मोज्याला चिकटून राहते, आत जात नाही. फक्त पेट्रोल सांडलेल्या किंवा पेट्रोलचा वास येणाऱ्या जागी व्हॅक्यूम अजिबात चालवायचा नाही, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात.

सापडलेला बोल्टही लगेच परत लावू नका. त्याचे आटे पाहा. एखादा आटा चेपलेला, चकाकणारा किंवा त्यात अ‍ॅल्युमिनियमची किसासारखी तार अडकलेली दिसली, तर तो बोल्ट फक्त नमुना म्हणून ठेवा.

गाडी हलवायची की नाही

हा निर्णय मोजमापाच्या आधी घ्यावा लागतो. नंबर प्लेट, मडगार्ड, बाजूचं प्लॅस्टिक, एअर फिल्टरच्या डब्याबाहेरचं झाकण यांचा एखादा स्क्रू नसेल, तर केबल टायने बांधून तुम्ही दुकानापर्यंत जाऊ शकता. सैल होऊन चाकात किंवा चेनमध्ये जाणार नाही एवढं बघा.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाक, सीट बेल्ट आणि चेन यांतलं काहीही असलं, तर गाडी जागेवरून हलत नाही. तात्पुरता बोल्ट नाही, तार नाही, टाय नाही. तुम्ही दुसऱ्या वाहनाने जा, बोल्ट आणा. या जागांसाठी मी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट घेत नाही, गाडीच्या कंपनीचा त्याच पार्ट नंबरचाच घेते. इथल्या कित्येक बोल्टांची लांबी आणि आटे साधे दिसले तरी पोलाद वेगळं असतं, मधला गुळगुळीत भाग ठरावीक मापाचा असतो, काहींवर कारखान्यातूनच लॉकिंगचा थर असतो, आणि काही एकदाच वापरायचे असतात. चाकाच्या नटाचंच बघा. आतले आटे जुळले म्हणजे झालं, असं वाटतं. पण नटाचं बूड तिरपं आहे, गोलसर आहे की सपाट, हे रिमच्या खळग्याशी जुळलं नाही, तर नट एका कडेवर टेकतो आणि चालता चालता सैल होतो.

माप: डोक्यावरून नव्हे, आट्यावरून

बाकीच्या जागांसाठी खरं काम इथे आहे. आपण सर्रास 'दहाचा बोल्ट' म्हणतो, म्हणजे दहाचा पाना लागणारा. त्या बोल्टचे आटे बहुधा ६ मिलिमीटरचे असतात, म्हणजे तो एम ६. दुकानात जाऊन दहाचा बोल्ट मागितला तर एम १० हातात पडू शकतो. उलट, कित्येक मोटरसायकलींवर एम ६ च्याच फ्लँज बोल्टला, म्हणजे डोक्याखाली रुंद कड असलेल्या बोल्टला, आठचा पाना लागतो. एम ८ ला कुठे बाराचा पाना असतो, कुठे तेराचा. एम १० ला चौदा, सोळा किंवा सतरा, कुठल्या देशाच्या प्रमाणानुसार बोल्ट बनलाय त्यावर. म्हणून पान्याचा आकडा मापात धरायचा नाही.

जोडीचा बोल्ट काढा, म्हणजे त्याच झाकणाचा, शेजारच्या भोकातला. तेल पुसा. व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक माप घ्यायची पट्टी, आट्यांच्या बाहेरून लावा. आकडा ५.८ ते ५.९७ च्या दरम्यान आला की तो एम ६. पूर्ण ६.०० येत नाही, कारण बाहेरचे आटे नावापेक्षा किंचित लहानच कापलेले असतात. तसंच ४.८ ते ४.९८ आलं तर एम ५, आणि ७.८ ते ७.९७ आलं तर बहुतेक एम ८.

'बहुतेक' म्हणायला कारण आहे. इंचातला पाच-सोळांश बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. व्हर्निअरवर तो एम ८ च दिसतो. फरक कळतो पिचमध्ये, म्हणजे एका आट्याच्या टोकापासून पुढच्या आट्याच्या टोकापर्यंतच्या अंतरात. एम ८ चं नेहमीचं पिच १.२५ मिलिमीटर, इंचातल्या जाड आट्याच्या पाच-सोळांशचं १.४१. हा बोल्ट एम ८ च्या भोकात एक-दोन फेरे गोड फिरतो, मग जड जातो. तिथे पाना लावणारा माणूस पुढच्या अर्ध्या मिनिटात भोक खराब करतो. एम १० मध्ये तर फसायला इंचाच्या बोल्टची गरजच नाही: त्याचंच १.५ पिचही असतं आणि १.२५ ही, आणि गाड्यांवर दोन्ही भेटतात.

पिच गेज, म्हणजे दातेरी पात्यांचा संच, असेल तर उत्तम, पाती लावून बघा, उजेड दिसला नाही की ते तुमचं पिच. नसेल तर आट्यांची टोकं मोजा. पहिलं टोक शून्य धरून दहाव्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्निअरने घ्या आणि दहाने भागा. एम ६ ला १० मिलिमीटर येतात, एम ५ ला ८, एम ८ ला साडेबारा. सुरुवात शून्यापासूनच करायची. एकपासून मोजलं की नऊच अंतरं पदरात पडतात आणि उत्तर दहा टक्क्यांनी कमी येतं.

आणि सगळ्यात सोपी खात्री: ज्याचं माप माहीत आहे असा नवा बोल्ट आणि जुना बोल्ट शेजारी धरून आट्यांत आटे बसवा, उजेडाकडे बघा. जुळत असतील तर दोघांचे आटे एकमेकांत पूर्ण बसतात. जुळत नसतील तर तीन-चार आट्यांनंतर टोकावर टोक यायला लागतं.

लांबी, जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

लांबी मोजायची ती डोक्याच्या खालून टोकापर्यंत. फक्त सीएसके स्क्रूची, ज्याचं डोकं पृष्ठभागात पूर्ण बुडतं, लांबी डोक्यासकट मोजतात. एम ६ मध्ये बाजारात सहज मिळणाऱ्या लांब्या म्हणजे १२, १६, २०, २५, ३०, ३५, ४०.

आता अडचण अशी की इंजिनाच्या एकाच झाकणाला तीन वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. म्हणून मी काम सुरू करताना पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढते आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी पुठ्ठ्यात खोचते. तुम्ही ते केलं असेल तर कुठला गेला ते लगेच कळतं. केलं नसेल तरी काही बिघडलेलं नाही. झाकण जागेवर ठेवा आणि उरलेले सगळे बोल्ट आपापल्या वाटणाऱ्या भोकात नुसते सोडा, फिरवू नका. बोल्टचं टोक पहिल्या आट्यावर टेकतं आणि डोकं झाकणाच्या वर काही मिलिमीटर राहतं. जे वर राहिलंय तेवढंच आवळल्यावर आत जाणार असतं. बोल्ट बरोबर भोकांत असतील तर सगळ्यांची डोकी जवळजवळ सारख्या उंचीवर दिसतात. एखादं फार उंच किंवा फार बुटकं दिसलं, तर तो बोल्ट दुसऱ्या भोकातला आहे. अदलाबदल करत गेलात की सगळे एका उंचीवर येतात आणि रिकामं भोक कोणतं ते उघड होतं.

याच आकड्यावरून हरवलेल्या बोल्टची लांबीही निघते. क्लच कव्हरवर मी मोजलं तेव्हा बाकीची डोकी ११ मिलिमीटर वर होती. रिकाम्या भोकात व्हर्निअरची मागची सळी घातली. झाकणाच्या पृष्ठभागापासून आटे सुरू होईपर्यंत १४ मिलिमीटर. १४ आणि ११ मिळून २५. म्हणजे ६×२५.

एवढ्यावर थांबू नका, भोकाची पूर्ण खोली बघा. एक पातळ केबल टाय भोकात तळाला टेकेपर्यंत घाला, झाकणाच्या पृष्ठभागापाशी नखाने पकडा, बाहेर काढून मोजा. माझ्याकडे ३० आले. भोकाच्या तळाशी शेवटचे काही मिलिमीटर नुसतं ड्रिल केलेलं असतं, तिथे आटे नसतात. त्यासाठी चार-पाच मिलिमीटर सोडले की २५ उरतात. दोन्ही हिशेब जुळले.

समजा तिथे ६×३० लावला असता. टोक तळाला टेकलं असतं, पाना कडक लागला असता, ठरलेल्या जोराला टक् करणाऱ्या टॉर्क रेंचनेही टक् केलं असतं. पण तो सगळा जोर भोकाच्या तळावर गेला असता, झाकणावर नाही. मग चार दिवसांनी गॅस्केटमधून, म्हणजे झाकणाखालच्या सीलमधून, तेल पाझरतं, माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि केसिंगला तडा जातो. भोकात तेल साचलेलं असेल तर हे बरोबर लांबीच्या बोल्टनेही होऊ शकतं, कारण तेल दाबलं जात नाही आणि तळाशी कोंडलेला दाब कास्टिंग फोडतो. म्हणून बंद भोकातलं तेल आधी कापसाच्या काडीने किंवा चिंधीच्या वळीने टिपून काढा.

उलट बाजूने, २० चा लावला असता तर अ‍ॅल्युमिनियममध्ये फक्त ६ मिलिमीटर आटे पकडले गेले असते. पोलादात बोल्टच्या व्यासाइतकी पकड पुरते. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्याला दीड ते दोन पट हवी, म्हणजे एम ६ साठी ९ ते १२. कमी आटे पकडले की आवळताना, नाहीतर पुढच्या वेळी उघडताना, तेवढेच आटे बोल्टसोबत उपटून येतात.

अर्धे आटे असलेल्या बोल्टकडेही लक्ष द्या. डोक्याखालचा गुळगुळीत भाग झाकणाच्या जाडीपेक्षा जास्त लांब असेल, तर आटे संपतात तिथे बोल्ट अडतो. पुन्हा तेच: पाना घट्ट, झाकण सैल.

ताकद आणि धातू

षटकोनी डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे बोल्ट तुटायला लागणारा ताण, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जातो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० ला लांबतो, १०.९ चे आकडे १००० आणि ९००. जोडीच्या बोल्टवर जो आकडा आहे तोच आणा. काही छोट्या फ्लँज बोल्टांवर आकडा नसतो. तिथे पार्ट नंबरने मागवणं मला जास्त बरं वाटतं. गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये प्रत्येक भाग सुटा करून दाखवलेली चित्रं असतात, चित्रातल्या बोल्टला क्रमांक असतो, आणि बऱ्याच जपानी कंपन्यांच्या यादीत तर '६×२५' असं मापही लिहिलेलं असतं. तुमची मोजणी पडताळायलाही ते उपयोगी.

गंजत नाही म्हणून स्टेनलेस लावायचा मोह सगळ्यांना होतो. प्लॅस्टिकच्या पॅनलला खुशाल लावा. पण नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ७०० ला तुटतो आणि ८.८ च्या बराच आधी लांबतो, त्यामुळे जोर घेणाऱ्या जागी तो बदली म्हणून चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात स्टेनलेस बोल्ट आणि वर पावसाचं पाणी असलं की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जखडतो. लावायचाच असेल तर आटे जखडू न देणारी अँटी-सीझ पेस्ट आट्यांना हवी, आणि पेस्ट लावली की आवळायचा जोर कमी करावा लागतो, कारण घसरण वाढल्याने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

सायलेन्सरच्या आसपास नायलॉक नट नको. त्याच्या आतली नायलॉनची कडी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाची असते. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट लागतो.

बसवताना

भोक साफ आहे याची खात्री आधी. आट्यांत माती किंवा जुना लॉकिंग द्रव असेल तर आटे पाडायचा नवा टॅप लगेच घालू नका, टॅप धातू कापतो. त्याच मापाचा एक जुना चांगला बोल्ट घ्या, त्याच्या आट्यांवर लांबीने करवतीची एक खाच पाडा, कडा घासून घ्या आणि तो हाताने भोकात आत-बाहेर फिरवा. घाण खाचेत जमते, आटे कापले जात नाहीत.

मग बोल्ट हातात घ्या. पाना अजून बाजूला. बोल्ट भोकाच्या तोंडावर सरळ ठेवा आणि उलटा फिरवा, सैल करायच्या दिशेने. एका क्षणी तो किंचित खाली बसल्यासारखा जाणवतो, बारीकसा टक् असा स्पर्श बोटांना होतो. दोन आट्यांची सुरुवात तिथे एकमेकांसमोर आलेली असते. आता सुलटा फिरवा. बोटांनीच निदान चार-पाच फेरे जायला हवेत. दुसऱ्या फेऱ्याला जड लागला तर परत काढा, जोर लावू नका. माझ्या मुलीला मी पाना हातात द्यायच्या आधी हेच शिकवलं, आणि तिची बोटं आता तो टक् माझ्या आधी ओळखतात. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या जाड आट्यांच्या स्क्रूला तर ही रीत फारच गरजेची, कारण तो प्रत्येक वेळी नवीन आटे पाडायला तयार असतो, आणि दोनदा वेगळे आटे पडले की भोक संपलं.

आवळायचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अ‍ॅल्युमिनियम केसिंगमधल्या एम ६ साठी तो बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हाताला अंदाज यावा म्हणून सांगते: बोल्टपासून १० सेंटिमीटरवर पाना धरून दहा किलोचा जोर. लांब पान्याने तोच जोर दिला तर बोल्ट सहज तुटतो. एम ६ साठी मी लहानच पाना घेते आणि तो मुळाजवळ धरते. झाकणाला अनेक बोल्ट असतील तर सगळे आधी हलके टेकवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

वॉशर गेला असेल तर तोही मोजून आणा, बोल्टइतकाच. तेल काढायच्या ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर चेपून सील होतो, तो दर वेळी नवा घ्यावा. फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिक पॅनलच्या, बोल्टांखाली बऱ्याचदा धातूची छोटी बाही असते. ती हरवली आणि नुसता बोल्ट आवळला तर सगळा दाब प्लॅस्टिकवर येतो आणि भोकापासून तडे निघतात. बोल्ट मिळाला म्हणून आनंदात बाही विसरू नका.

हलणाऱ्या जागी निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा द्रव, एक थेंब पुरतो. आटे तेलविरहित हवेत. लाल घरी वापरूच नका. तो सोडवायला साधारण २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं. प्लॅस्टिकला हा द्रव लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतं.

बोल्ट नसलेल्या गोष्टी

स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून आरपार घालून टोकं वाकवलेली पिन, एकदा काढली की संपली. सरळ करून परत वाकवली तर वाकलेल्या जागीच तुटते. भोकात सहज जाईल पण खुळखुळणार नाही अशी नवी घ्या. खिळा किंवा तार तिच्या जागी लावायची नाही.

बंपर आणि ट्रेच्या प्लॅस्टिक क्लिपा फुटतातच. त्यांची तीन मापं घ्या: भोकाचा व्यास, जोडायच्या सगळ्या थरांची मिळून जाडी आणि डोक्याचा व्यास. क्लिप मधली पिन आत दाबून उघडते की बाहेर ओढून, तेही बघा, दोन्ही प्रकार दिसायला सारखे असतात.

चेनच्या जोडकडीचा लॉक ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात धोक्याची वस्तू. पक्कड घसरली की तो टणकन उडतो, म्हणून काढताना वर एक फडकं धरा. हरवला तर त्याच चेनच्या मापाची आणि त्याच बनावटीची पूर्ण जोडकडी आणा, नुसता मिळताजुळता लॉक नाही. बसवताना त्याची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवी. वरच्या पट्ट्यात चेन मागून पुढे धावते, म्हणजे तिथे बंद बाजू पुढे. खालच्या पट्ट्यात मागे. उघडी बाजू पुढे राहिली तर कशालाही घासून लॉक निघू शकतो. तो दोन्ही पिनांच्या खाचांत पूर्ण बसलाय का ते नखाने दाबून आणि चेन वाकवून पाहा.

फिरवून आल्यावर

नवीन लावलेल्या बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर येईल अशी पांढऱ्या पेंटची एक रेघ मारा. शे-दोनशे किलोमीटर झाले की बघा. रेघ सलग असेल तर बोल्ट जागेवर आहे, पाना लावून पुन्हा आवळायची गरज नाही. रेघ तुटलेली दिसली तर नुसता आवळून सोडू नका. बोल्ट काढा, आटे आणि भोक साफ करा, लांबीचा हिशेब पुन्हा करा, वॉशर तपासा, लॉकर लावा. पुन्हा रेघ सरकली, किंवा आवळताना बोल्ट घट्ट व्हायच्या ऐवजी मऊ फिरत राहिला, तर दोष भोकातल्या आट्यांत आहे. तिथे जाडसर बोल्ट घुसवायचा नाही, आट्यांना टेप गुंडाळायची नाही. भोक मोठं करून त्यात तारेचा थ्रेड इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बाही, बसवावा लागतो. त्याला इन्सर्टच्या संचातलाच खास टॅप लागतो, साधा एम ६ चा चालत नाही, आणि ड्रिल काटकोनात जायला हवं. हात बसलेला नसेल तर एवढं एक काम लेथवाल्याकडून करून घ्या आणि त्याला जोडीचा बोल्ट नमुना म्हणून सोबत द्या.